पहाटेची मानाची फेरी

आपल्याच नावेत बसून कोणी आपल्याविरुद्ध बोललेलं कॅप्टनला खपत नसे, आणि त्या दिवशी दुकानदार तर त्याच्याच घोंगडीवर ऐसपैस बसून बोलत होता.

"मी म्हणत नाही, चादर म्हणते," दुकानदार म्हणाला. "नर्सबाईंच्या भिंतीवर टांगलीय, जाऊन बघ. तिच्यावर नदी काढलीय, दोन्ही काठांची घरं काढलीयेत. वर्षाच्या आत मूल गेलं की त्या घरावर काळं बटण, जगलं की पांढरं. पलीकडच्या काठाला सगळं कसं पांढरं शुभ्र, आणि आपल्या काठाला काळ्या बटणांचा नुसता सडा. दवाखाना पलीकडे, आपण अलीकडे. मध्ये काय आहे?"

"नदी आहे," कॅप्टन म्हणाला.

"आणि नदीत?"

"मासे आहेत. आणखी बोललास तर तूही असशील."

नावेत हशा पिकला. पण हसणाऱ्यांपैकी कोणीही दुकानदाराला खोटं पाडलं नाही, हे कॅप्टनच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने वल्ही अशी काही आपटली की दुकानदाराची विजार गुडघ्यापर्यंत भिजली.

समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. कोण्या उतारूची विसरलेली टोपी डोक्यावर चढवली तेव्हापासून लोक त्याला कॅप्टन म्हणू लागले, आणि चेष्टेने म्हणतात हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं. त्याच्या बायकोला गाव कॅप्टनीणबाई म्हणे. तिला मात्र सगळं कळत होतं. तीही नावाड्याचीच मुलगी, पण लग्नानंतर कॅप्टनने तिला वल्ह्याला हात लावू दिला नव्हता. नावेवर एकच माणूस हुकूम करतो असं त्याचं म्हणणं, आणि घरातला हुकूम कोण करतो हा प्रश्न कोणी विचारत नसे.

घरात सध्या सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. सून गरोदर होती आणि दिवस भर थंडीत भरणार होते. गेल्या हिवाळ्यात तिचा पहिला मुलगा दवाखान्यात चांगला रडत-ओरडत जन्मला आणि घरी आल्यावर आठवड्याच्या आत गेला. अंग गार पडत गेलं, दूध ओढेना, आणि एका सकाळी तो उठलाच नाही. तेव्हापासून घरात त्याचा विषय निघत नसे. निघायची वेळ आली की कॅप्टन टोपी घालून धक्क्यावर निघून जाई.

तर अशा घरावर काळं बटण आहे, आणि त्याचा दोष नावेवर येतोय, हे ऐकल्यावर कॅप्टन धक्क्याला नाव नीट न बांधताच नर्सबाईंच्या खोलीकडे निघाला.

नर्सबाई खाली मान घालून बटणच टाचत होत्या. वयाने त्याच्या मुलीसारख्या, पण चष्म्यावरून बघायची सवय हेडमास्तरांची. भिंतीवर जुनी पलंगावरची चादर, तिच्यावर निळ्या शाईने नदी, आणि नदीच्या अलीकडे ती काळी बटणं. कॅप्टनला आपलं घर लगेच सापडलं. तिथे बटण होतं. कोटाचं मोठं बटण असावं. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"माझी नाव उशिरा पोचते म्हणून मुलं मरतात, असं तुम्ही गावाला सांगता?"

"मी काहीच सांगत नाही, काका. कुठे मरतात तेवढं चादरीवर आहे. का मरतात ते मला ठाऊक असतं तर मी बटणं टाचत बसले असते का?"

"मग दुकानदार का बोंबलतोय?"

"दुकानदाराला कुठल्याही गोष्टीचं कारण ताबडतोब कळतं. मला वेळ लागतो." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "माझ्याकडे जन्माची तारीख आहे, मरणाची तारीख आहे. मधलं काही नाही. बाई दवाखान्यात कधी पोचली, मूल घरी कसं आलं, कोणी विचारलंच नाही. तुम्ही तर सगळ्यांनाच नेता-आणता. विचारा ना."

"विचारतो," कॅप्टन गरजला. "एकेका घरी जाऊन विचारतो. आणि फक्त गेलेल्यांचं नाही, जगलेल्यांचंही विचारणार! त्यांना काय दुकानदाराने आणलं? जगलेलीही माझ्याच नावेतून आली!"

नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे फार चांगलं सुचलं तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि कॅप्टनची छाती थोडी फुगली.

"आणि मानाच्या फेरीतून आलेल्यांना वेगळा दोरा लावा. गावाला दिसू दे मी काय काय केलंय ते."

मानाची फेरी हा कॅप्टनच्या आयुष्यातला एकमेव परोपकार होता, त्यामुळे तो त्याबद्दल वरचेवर बोलत असे. दवाखान्यातून सुटलेली बाळंतीण पहाटेच्या पहिल्या नावेने यायची, तिला भाडं नाही, गर्दी नाही, दुसरा उतारू नाही. आणि बाळासाठी नावेच्या अगदी पुढच्या टोकावर त्याने स्वतः पेटी ठोकली होती. पेटीला लाल रंग, आत तेलकट चकचकीत रेक्झिन, पुसायला सोपं. गावात येणाऱ्या नव्या माणसाने गाव सगळ्यात आधी पाहायला हवं, असं तो म्हणे. धक्का जवळ आला की तोंडाने भोंगा वाजवे. गावाला त्याचं कौतुक होतं, आणि कौतुक झालं की कॅप्टन काही ऐकत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेऱ्या मुलाच्या गळ्यात घालून तो चौकशीला निघाला. मुलगा सुताराकडे कामाला होता. हाडकुळा, सदा नाक ओढणारा, आणि वल्हवताना नाव नदीत तिरकी नेणारा. कॅप्टन म्हणाला, "बुडवू नकोस म्हणजे झालं."

पहिलं घर कुंभाराचं होतं. कॅप्टनने दारातूनच आवाज दिला, "तुमचं मूल मेलं तेव्हा माझी नाव वेळेवर होती की नव्हती? सरळ सांगा!"

कुंभारणीच्या हातात केरसुणी होती. ती तिने जमिनीवर टेकवली नाही. कॅप्टन रस्त्यावर आला तेव्हा टोपी आतच राहिली होती आणि कुंभाराचा कुत्रा तिचा वास घेत होता.

त्याची बायको रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती. "झाली चौकशी?"

"बाई भांडखोर आहे."

"तुम्ही त्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बसा. बोलू नका. कोंबड्यांशीसुद्धा."

ती आत गेली. बराच वेळ गेला. खिडकीतून कॅप्टनला दिसत होतं, बायको कुंभारणीसोबत मटार सोलत बसली होती. मग दोघी रडल्या, मग चहा झाला, मग कुठल्याशा तिसऱ्या बाईवर दोघी हसल्या. बाहेर आली तेव्हा तिच्याकडे सगळं होतं, आणि टोपीसुद्धा होती.

असे बरेच दिवस गेले. घरोघरी तिने मटार सोलले, स्वेटर उसवले, चुलीशी लाकडं पुढे सरकवली. कॅप्टन घराघराच्या खुराड्यापाशी बसला, आणि गावातल्या कोंबड्या त्याला ओळखू लागल्या. संध्याकाळी दोघं नर्सबाईंकडे जात आणि बायको एकेका बटणाला दोरा बांधी. पहाटेच्या मानाच्या फेरीला निळा, बाकी कुठल्याही फेरीला पिवळा. दवाखान्यात पोचायला उशीर झालेली बाई असेल तर तिच्या बटणाला लाल दोरा ठरला होता.

लाल दोऱ्याचं रीळ शेवटपर्यंत तसंच राहिलं. उशीर कोणालाच झाला नव्हता. बायकांना कळा सुरू झाल्या की कॅप्टन मध्यरात्रीसुद्धा शिव्या घालत का होईना, नाव काढत होता, आणि एकूणएक बाईने ते कबूल केलं होतं.

"आता बोलवा त्याला!" कॅप्टनने दुकानदाराला, कुंभाराला आणि वाटेत भेटला म्हणून न्हाव्यालाही चादरीपुढे उभं केलं. न्हाव्याच्या हातात वस्तरा तसाच होता आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागून आलं होतं. "बघा! लाल दोरा दिसतोय कुठे? एक तरी? आणि निळे बघा किती आहेत! एवढ्या बाळंतिणी मी फुकट आणल्या!"

"बरं बाबा, चुकलं माझं," दुकानदार म्हणाला. तो हे वाक्य सहसा कोणाला म्हणत नसे.

कॅप्टनला आयुष्यात एवढं गोड काही ऐकू आलं नव्हतं. तो आणखी काहीतरी ऐकायच्या आशेने नर्सबाईंकडे वळला. त्या चादरीच्या अगदी जवळ गेल्या होत्या आणि बोटाने एकेक दोरा बाजूला करत होत्या.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "पिवळ्या दोऱ्याची बहुतेक बटणं पांढरी आहेत."

"असतीलच. माझीच नाव ती."

"निळ्या दोऱ्यांची उन्हाळ्यातली पण पांढरी आहेत. थंडीतली..." त्या थांबल्या. "थंडीतली निळी बहुतेक सगळी काळी आहेत."

अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाने आधी चादरीकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे. न्हाव्याने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. दुकानदार एक शब्द बोलला नाही, आणि दुकानदाराने गप्प राहावं याहून वाईट काही असू शकत नाही हे कॅप्टनला त्या क्षणी कळलं.

"चादर चुकीची आहे," तो म्हणाला. "बायका खोटं बोलल्यात. दोरे उलटे बांधलेत."

"दोरे मी बांधलेत," त्याची बायको म्हणाली.

नर्सबाई म्हणाल्या, "मलाही घाई करायची नाही. उद्या पहाटे मी तुमच्या नावेतून येते. दोन बाटल्या घेऊन."

पहाटे पलीकडच्या धक्क्यावर हातपाय बधिर करणारा वारा होता. नर्सबाईंनी दवाखान्यातून कोमट पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एका बाटलीला त्यांनी टोपरं घातलं, पातळ टॉवेलात गुंडाळलं आणि लाल पेटीत ठेवलं. दुसरी कॅप्टनच्या बायकोने आपल्या पोलक्यात खुपसली आणि वरून शाल घट्ट ओढली.

"हे काय पोरखेळ," कॅप्टन म्हणाला. पण टोपरं घातलेल्या बाटलीसाठीही त्याने नेहमीसारखीच सांभाळून नाव हाकली. पुढच्या टोकावर पाण्याचे तुषार उडत होते. रेक्झिनवर दव साचलं होतं. इतक्या वर्षांत तो कधी त्या टोकाला बसला नव्हता. त्याची जागा मागे, वल्ह्यापाशी, आणि वल्हवताना माणसाला घामच येतो.

अलीकडे पोचल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "हात लावून बघा."

त्याने बायकोजवळची बाटली हातात घेतली. ती कोमट होती. मग तो पुढे गेला, वाकला, आणि टोपऱ्याखाली हात घातला. आणि हात तिथेच राहिला.

बाटली गार पडली होती.

"मी त्याला स्वतः ठेवलं होतं इथे," तो म्हणाला. कोण ते कोणी विचारलं नाही. "सून म्हणत होती, बाबा, मी कुशीत घेते ना त्याला. मी म्हटलं, नाही. त्याची जागा पुढे आहे."

नर्सबाई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं, काका. आम्हालाही नव्हतं. दवाखान्यानेच पहाटे सोडलं. इवल्या बाळाला आपलं अंग गरम ठेवता येत नाही, हे मी शिकले होते, पण तुमच्या पेटीकडे बघून माझ्याही डोक्यात आलं नाही. मीही भोंगा ऐकून टाळ्या वाजवल्यात."

कॅप्टनला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो धक्क्यावर बसला आणि मोठ्याने रडला. पहिल्या फेरीला आलेले उतारू उभे राहिले, दुसरीकडे बघत. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तेवढ्यात मुलाला खूण केली, की आजच्या फेऱ्या तू घे आणि नाव तिरकी गेली तरी चालेल.

घरी येऊन तो सुनेपुढे उभा राहिला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तू म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही."

सून बटाटे चिरत होती. चिरता चिरता थांबली. मग म्हणाली, "या वेळी ऐकाल?"

"ऐकेन."

"मग आधी बसा. आणि टोपी काढा. रडताना टोपी फार वाईट दिसते तुम्हाला."

त्यानंतर कॅप्टनचं जे झालं त्याला गावाने सुधारणा म्हटलं नाही, छळ म्हटलं. थंडीत पहाटेची बाळंतिणीची फेरी बंद. दवाखान्यानेही सकाळी उन्हं वर आल्यावरच सोडायचं कबूल केलं. बाळ आईच्या उघड्या अंगाशी, पोलक्याच्या आत, डोक्याला टोपरं, वरून शाल, आणि बसायचं नावेच्या मध्ये, ताडपत्रीच्या आडोशाला. हे नर्सबाईंनी सांगितलं होतं. बाकीचं कॅप्टनने आपल्या पदरचं घातलं. तो धक्क्यावर उभा राहून उतारूंची तपासणी करी. "बाळ कुठे आहे? आत आहे? नक्की आत? पाय बाहेर दिसतोय!" तो पाय शालीचा गोंडा निघे. दुकानदाराच्या सुनेला बाळ झालं तेव्हा आईला ताप होता, म्हणून कॅप्टनने खुद्द दुकानदाराला भर धक्क्यावर कोट, स्वेटर, शर्ट काढायला लावले आणि नात त्याच्या पोटाला लावून वरून सगळे कपडे पुन्हा चढवले. दुकानदार पलीकडून येईपर्यंत लाजेने लाल झाला होता. पण नातही लाल, गरम आणि चिडलेली होती.

पेटी कॅप्टनने उखडून घरामागे टाकली. तिच्यावर कुऱ्हाड घालायला तो निघाला होता, पण बायको म्हणाली, चांगलं लाकूड आहे, आणि तिच्यात कांदे भरले.

थंडी ऐन भरात असताना सुनेला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नर्सबाई दारातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नात झाली." कॅप्टन उठला. "आणि आणखी एक नात झाली." कॅप्टन बसला.

दोघी जणी मुठीएवढ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना काही दिवस तिथेच ठेवून घेतलं. वजन वाढू लागलं, दूध ओढू लागल्या, मगच सोडलं. पण त्या दिवशी ऊन काही निघेना. आकाश राखाडी, नदीवर वारा. सुनेने एक पोर आपल्या पोलक्यात घेतली. दुसरी कोणाच्या अंगाशी द्यायची?

मुलगा शर्टाची बटणं सोडत पुढे झाला. नर्सबाईंनी त्याच्या छातीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "अरे, तुझंच अंग बर्फासारखं आहे."

कॅप्टनच्या बायकोला खोकला येत होता, ती आपण होऊनच मागे सरली. मग नर्सबाईंची नजर कॅप्टनवर गेली. रुंद छाती, दाट केस, आणि भर थंडीत कपाळावर घाम.

"मी?" कॅप्टन म्हणाला. "मग नाव कोण वल्हवणार?"

त्याची बायको पदर खोचून वल्ह्यापाशी जाऊन बसलीसुद्धा होती.

"अगं, लग्नानंतर तू कधी हात..."

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मध्ये. ताडपत्रीच्या आडोशाला."

आणि कॅप्टन बसला. नर्सबाईंनी त्याचा शर्ट उघडला, पोर त्याच्या छातीवर पालथी ठेवली, वरून शर्ट, स्वेटर, कोट आणि शाल. बाहेर दिसत होतं ते फक्त टोपऱ्याचं टोक. नाव निघाली. बायकोच्या हाताखाली ती अशी सरळ चालली की मुलाने दोनदा मागे वळून पाहिलं. कॅप्टनलाही दिसत होतं, पण तोंड उघडून कौतुक करायचा त्याला सराव नव्हता.

समोरून मुलांना शाळेत सोडायला निघालेली छोटी होडी आली. तिच्यातून दुकानदार ओरडला, "कॅप्टन, आज उतारू का? भाडं देणार ना?"

कॅप्टनचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या छातीवर काहीतरी हलत होतं. नख लागलं, मग ओठ लागले. पोर दूध शोधत होती.

"अगं बाई," तो शालीत मान घालून कुजबुजला, "इथे काही मिळायचं नाही. थोडा धीर धर." मग आणखी हळू म्हणाला, "तुझा दादा होता. त्याला मी नीट धरलं नव्हतं. तुला धरलंय. कळतंय ना?"

सून शेजारीच होती. तिने ऐकलं. ती त्याच्या आणखी जवळ सरकून बसली, वारा लागू नये म्हणून.

नदीच्या मधोमध कॅप्टन एकदम ओरडला, "थांब! नाव थांबव!"

बायकोची वल्ही हवेत राहिली. मुलगा ताडकन उभा राहिला. सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "काय झालं बाबा? काय झालं तिला?"

कॅप्टनचा हात शर्टात होता, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं होतं की रडतोय की हसतोय ते घरच्यांनाही कळेना.

"मुतली," तो म्हणाला. "सगळं पोटावरून खाली चाललंय." मग सुनेकडे बघून म्हणाला, "गरम आहे गं. चांगलं गरम आहे."